बिऱ्हाड चाकावर, वाट आग्र्याची

शीवहून निघायचं, खाडीवरचा जुना बांध ओलांडून कुर्ल्यात शिरायचं आणि घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड अशी एकेक वस्ती मागे टाकत ठाणं गाठायचं. पालिकेच्या दप्तरी हा लाल बहादूर शास्त्री मार्ग, रिक्षावाल्यांचा एलबीएस. आमच्या मुलुंडमधली जुनी माणसं मात्र अजूनही आग्रा रोडच म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. हा रस्ता ठाण्याला संपत नाही. काशेळीचा पूल, भिवंडी, पडघा, शहापूर, कसारा, घाट चढून इगतपुरी, मग नाशिक, चांदवड, मालेगाव, धुळे असं करत तो खरोखरच आग्र्याला जातो.

या रस्त्याचा पहिला टप्पा, शीव ते इगतपुरी, मी आणि माझ्या नवऱ्याने भाड्याच्या मोटारहोममधून केला. रस्त्याच्या कडेलाच स्वयंपाक आणि तिथेच झोप. एरवी ही वाट चार तासांत उरकते. आम्हाला ती सावकाश, थांबत थांबत करायची होती, आणि त्यामागे अमेरिकेतल्या एका रस्त्याची गोष्ट होती.

१९२६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने आपल्या महामार्गांना क्रमांक दिले. शिकागोहून निघून आठ राज्यांतून पॅसिफिकच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या सुमारे ३,९०० किलोमीटरच्या वाटेला ६६ हा आकडा मिळाला. १९३० च्या दशकात ओक्लाहोमा आणि आसपासच्या मैदानांत दुष्काळ पडला, धुळीच्या वादळांनी शेतं उडवून नेली. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी मोडक्या ट्रकांवर गाद्या, भांडी, म्हातारी माणसं लादली आणि याच रस्त्याने कॅलिफोर्नियाची वाट धरली. जॉन स्टाइनबेकची १९३९ ची कादंबरी त्यांचीच आहे. पुढे १९५६ च्या कायद्याने रुंद, वेगवान आंतरराज्य महामार्ग बांधायला पैसा आला आणि ते जुन्या रस्त्यावरची गावं एकामागून एक टाळत गेले. ॲरिझोनातलं विल्यम्स हे असं टाळलं गेलेलं शेवटचं गाव, १९८४ मध्ये. पुढच्याच वर्षी ६६ हा क्रमांक अधिकृत यादीतून निघून गेला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सेलिगमन नावाच्या लहानशा गावात एंजल डेलगडिलो हे न्हावी होते. नवा महामार्ग सुरू झाला आणि त्यांच्या दुकानासमोरची वर्दळ थांबली. १९८७ मध्ये त्यांनी आजूबाजूच्या व्यावसायिकांना जमवून संघटना काढली आणि जुन्या रस्त्याला ऐतिहासिक म्हणून मान्यता द्या, असा तगादा ॲरिझोना राज्याकडे लावला. मान्यता मिळाली. पाट्या परत लागल्या, जुनी मोटेल उघडली, इतर राज्यांनीही तीच वाट धरली. आज जगभरातून निवृत्त जोडपी मोटारहोम घेऊन तो रस्ता करायला येतात. या सगळ्याची सुरुवात रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या, त्याच रस्त्यावर पोट असलेल्या माणसांनी केली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

क्रमांक आपल्या रस्त्यानेही गमावला. मुंबई–आग्रा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ होता. २०१० मध्ये देशभर नवी क्रमवारी लागू झाली, आग्रा रोडचे तुकडे वेगवेगळ्या क्रमांकांत वाटले गेले आणि ३ हा आकडा अटारीहून लेहला जाणाऱ्या रस्त्याला मिळाला. त्याच क्रमवारीत ६६ कुणाला मिळाला? पनवेलहून कोकण, गोवा करत कन्याकुमारीला जाणाऱ्या रस्त्याला, म्हणजे आपल्या मुंबई–गोवा महामार्गाला.

आता गाडीविषयी. परदेशातल्यासारखी अवाढव्य घरं इथे भाड्याने सहसा मिळत नाहीत. मिळते ती बहुधा टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी. आत दोन बाकं, जी रात्री पलंग होतात, शेगडी, लहान फ्रीज, पाण्याची टाकी, सांडपाण्याची वेगळी टाकी, बॅटरीवर चालणारे दिवे आणि पंखे, मागे शौचालय. आपल्याच व्हॅनमध्ये मनासारखी तोडफोड करून घर बांधणं सोपं नाही, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. म्हणून भाड्याचा पर्याय, आणि भाड्याच्या गाडीबरोबर बहुतेक वेळा चालकही येतो. आमच्याबरोबरही एक चालकदादा होते. त्यांना हा घाट तोंडपाठ होता आणि कुठल्या पंपावर रात्री गाडी उभी करू देतात हेही.

शौचालयाची गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडच्या महामार्गांवर बायका तासन्‌तास पाणी न पिता प्रवास करतात. मीही आयुष्यभर तसाच केला. या प्रवासात पहिल्यांदा हवं तेव्हा, हवं तेवढं पाणी प्यायले. मोटारहोम ही श्रीमंती हौस आहे असं म्हणणाऱ्यांनी एवढ्या एका सोयीचा बाईच्या बाजूने विचार करावा.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात अशा गाड्यांसाठी तळ उभारण्याची कल्पना आहे: वीज जोडता यावी, पाणी भरता यावं, सांडपाण्याची टाकी नीट रिकामी करता यावी. उपनगरांत आम्हाला अशी जागा सापडली नाही. म्हणून उजाडायच्या आत शीव गाठलं आणि मुक्काम ठाण्यापलीकडे ठेवला.

शीवचा बांध १७९८ मध्ये सुरू होऊन १८०५ मध्ये पुरा झाला. त्याआधी मुंबई बेटावरून साष्टीत जायचं तर होडी लागायची. बेटावर फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून अंतर मोजणारे मैलाचे दगड होते. त्यांतले काही पालिकेने शोधून, पदपथाखालून उकरून पुन्हा उभे केले, हे फार चांगलं काम झालं. शीवच्या पुढे मात्र हा रस्ता किती जुना, कुठून कुठे जाणारा, हे सांगणारी साधी पाटीही आम्हाला दिसली नाही.

खरं तर सांगण्यासारखं इथेच सर्वांत जास्त आहे. १८४३ मध्ये सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क भांडुपला आले असताना मुंबईहून ठाण्याकडे आणि पुढे घाटांकडे रेल्वे न्यावी ही कल्पना त्यांना सुचली, अशी नोंद आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर–ठाणे गाडी धावली. रूळ बरंच अंतर रस्त्याला धरूनच जातात. लोकल आणि आग्रा रोड ही जोडी तेव्हापासूनची.

मग कारखाने आले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या जुळवायला सुरुवात केली. म्हणजे रूट ६६ वर धावणाऱ्या गाड्यांची भावंडं आमच्या आग्रा रोडवर तयार होत होती! पुढे तिथूनच फियाट आणि पद्मिनी निघाली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून कायमची गेली, आणि प्रीमियरच्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. विक्रोळीत गोदरेज, भांडुपला सिएट आणि एशियन पेंट्स, मुलुंडला जॉन्सन. तीन पाळ्यांचे भोंगे, डबे घेऊन सायकलींवरून येणारी माणसं, पगाराच्या दिवशी फुलणारी भाजीची रांग, हे मुलुंड मी लहानपणी पाहिलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच जागांवर आता मॉल आणि टॉवर आहेत. थांब्यांनी मात्र जुन्या नावांची स्मृती जपली आहे. कुर्ल्यात अजून ‘कमानी’ म्हणून रिक्षा थांबते, घाटकोपरला ‘श्रेयस’, भांडुपला ‘मंगतराम पंप’.

   

पूर्व द्रुतगती महामार्ग झाला तेव्हा लांबचा प्रवास आग्रा रोडवरून उठला. सेलिगमन ओस पडलं, आपली उपनगरं मात्र ओस पडली नाहीत, उलट तुंबली. महापालिकेची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत सरकली आणि हमरस्ता शहरातली गल्ली झाला. आता वडाळा–कासारवडवली या ३२ किलोमीटरच्या मेट्रो ४ चे खांब त्याच्या मधोमध उभे आहेत. त्या खांबांमधून आमची गाडी घाटकोपर ते मुलुंड अक्षरशः पावलापावलाने गेली. जुन्या रस्त्याचा मृत्यू अमेरिकेत रिकामेपणाने झाला, आपल्याकडे गर्दीने. ओळख दोन्हीकडे सारखीच पुसली गेली, आणि गर्दीत पुसलेली ओळख कुणाच्या लक्षातही येत नाही.

मुलुंड चेकनाक्याला शहर संपतं. जकात २०१७ मध्ये गेली, छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये गेला. पण हा नाका मला आठवतो तो ११ मार्च २०१८ च्या दिवसामुळे. नाशिकहून ६ मार्चला निघालेला किसान सभेचा लाँग मार्च कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करत त्या दिवशी मुंबईत शिरला. सुरगाणा, पेठ, कळवण भागातले आदिवासी शेतकरी, बायका, म्हाताऱ्या, कित्येकींच्या पायांना फोड. ठाण्या-मुलुंडच्या लोकांनी पाणी, बिस्किटं, चपला पुढे केल्या. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. मुलांची अडचण होऊ नये म्हणून शीवजवळच्या सोमय्या मैदानावरून ही दमलेली माणसं रात्रीतूनच आझाद मैदानाकडे चालत गेली. मुंबईने एवढी सभ्यता क्वचित पाहिली असेल.

आणि दोन वर्षांनी हीच वाट उलटी वाहिली. २०२० च्या टाळेबंदीत रोजगार गेलेले हजारो लोक उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशाकडे पायी निघाले. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, हातात चाकांची बॅग. अंधेरी-घाटकोपरचे रिक्षावाले रिक्षातच संसार भरून हजार-दीड हजार किलोमीटरवरच्या गावाला गेले. ओक्लाहोमाच्या ट्रकांवरची माणसं आणि ही माणसं यांच्यात मला काही फरक करता येत नाही. तिथे त्या स्थलांतराची संग्रहालयं आहेत. कसारा घाटाच्या पायथ्याशी २०२० च्या त्या चालणाऱ्यांसाठी एखादा दगड तरी असायला हवा, असं मला मनापासून वाटतं. हौसेने चाकावर बिऱ्हाड मांडणाऱ्या आम्हा दोघांना तर त्यांची आठवण ठेवावीच लागली.

ठाण्यापुढे आम्ही बायपास सोडून बाळकुमवरून काशेळी, काल्हेर, अंजूर फाटा या जुन्या वाटेने भिवंडीत गेलो. यंत्रमागांची खडखड, मैलोन्‌मैल गोदामं, खड्डे. पडघ्यापासून हवा बदलते. आसनगावला माहुलीचे सुळके दिसू लागतात. याच शहापूर तालुक्यातून तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला येतंय, म्हणजे आमच्या मुलुंडच्या नळाचं मूळ इथे. मुक्काम खर्डीजवळच्या एका ढाब्याच्या आवारात केला. पिठलं गाडीत शिजवलं, भाकऱ्या ढाब्यावरून घेतल्या. शेजारी ट्रकचालकांचे स्टोव्ह पेटले होते. घर बरोबर घेऊन फिरणं हे त्यांच्यासाठी रोजचंच, फक्त त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही.

सकाळी घाट चढून घाटनदेवीला थांबलो. खाली दरीत रेल्वेचा उंच पूल. थळ म्हणजेच कसारा घाटातून रेल्वे १८६५ मध्ये वर चढली, तेव्हाही रस्त्यावरच्या बैलगाड्यांची वर्दळ घटली असणार. आता पाळी मोटारींची आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. घाटाखालून सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा गेला आहे आणि नाशिकला जाणारा माणूस कसारा न पाहताच वर पोचतो. वेळ वाचतो, अपघात कमी होतील, हे चांगलंच. पण खर्डी, कसाऱ्याच्या चहावाल्यांचं, पंक्चरवाल्यांचं, करवंदं-जांभळं घेऊन वळणावर बसणाऱ्या बायकांचं काय, हा सेलिगमनचा प्रश्न आता आपल्या दारात आला आहे. तिथे गाव ओस पडून नऊ वर्षं गेल्यावर संघटना झाली. इथे आजच व्हायला हवी, आणि खर्चही फार नाही. शीव ते इगतपुरी ‘जुना आग्रा रोड’ अशा एकाच नमुन्याच्या पाट्या, भांडुपला क्लार्कची, कुर्ल्याला प्रीमियरची, चेकनाक्याला लाँग मार्चची नोंद, आणि धोरणात कागदावर असलेला गाड्यांचा एखादा तळ शहापूर तालुक्यात, स्थानिक बचत गटाने चालवलेला.

जायचं असेल तर रविवारी पहाटे पाचच्या आत शीव सोडा. माजिवड्याला उड्डाणपुलावर चढू नका, बाळकुमकडे वळा. पिण्याचं पाणी घरूनच भरून घ्या, सांडपाण्याची टाकी ओढ्यात रिकामी करू देऊ नका, आणि करवंदांचा हंगाम असेल तर घाटात सुटे पैसे जवळ ठेवा.