पॉल स्कीन्स: एका उजव्या हाताचा हिशोब

गेल्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं की बेसबॉलवर एकदा बोला, पण नियमांची यादी वाचून दाखवू नका. मान्य. आज नियम लागतील तेवढेच. बोलायचंय ते एका पोराबद्दल. पॉल स्कीन्स, जन्म मे २००२, कॅलिफोर्निया. शाळा संपली तेव्हा एकाही प्रोफेशनल क्लबने त्याला निवडलं नव्हतं. तीन वर्षांनी तो अख्ख्या अमेरिकेत पहिल्या नंबरवर निवडला गेला आणि २०२५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला.

आता ही स्टोरी 'मेहनत केली, यश मिळालं' अशी सांगता येते. यूट्यूबवर तशा शेकडो आहेत. मला त्यात दुसरीच गोष्ट इंटरेस्टिंग वाटते. पिचरच्या हातात आयुष्यभरासाठी ठरावीकच बॉल असतात. कॉलेजला ते आज हवे असतात, क्लबला उद्यासाठी शिल्लक हवे असतात. आणि हात तर त्या पोराचा असतो.

आधी क्रिकेटच्या भाषेत समजून घेऊ. पिचर म्हणजे आपला बॉलर, फक्त रनअप नाही आणि टप्पाही नाही. मातीच्या छोट्या उंचवट्यावर उभं राहून साडेअठरा मीटरवरून बॉल थेट बॅटरकडे फेकायचा. बॅटर तीन स्ट्राइकमध्ये गारद झाला की स्ट्राइकआउट. शोएब अख्तरचा २००३ च्या वर्ल्ड कपमधला तो १६१ किमीचा बॉल आठवतोय ना? बेसबॉलमध्ये त्याला शंभर मैल म्हणतात, आणि स्कीन्सने एकाच सामन्यात तसे डझनभराहून जास्त टाकले आहेत. कारण सोपं आहे. क्रिकेटमध्ये कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ करायला बंदी आहे. इथे कोपर वाकवून चाबकासारखा फटकारतात. त्यातूनच वेग येतो, आणि तिथेच तो हात तुटतो.

कोपराच्या आतल्या बाजूला एक छोटं लिगामेंट असतं. प्रत्येक थ्रोला ते ताणलं जातं आणि एक दिवस फाटतं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवला. आज त्या ऑपरेशनला त्या खेळाडूचंच नाव आहे. ऑपरेशननंतर मैदानात परतायला वर्षभर, कधी दीड वर्षही लागतं. म्हणून प्रत्येक पिचरचे बॉल मोजले जातात. शंभरच्या आसपास आकडा गेला की मॅनेजर डगआउटमधून चालत येतो आणि बॉल काढून घेतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर रेट लिमिट. फरक एवढाच की इथे सर्व्हर पडला तर रीस्टार्टला दीड वर्ष.

तर स्कीन्स. शाळेनंतर तो कोलोरॅडोतल्या एअर फोर्स अकॅडमीत गेला, कारण त्याला वैमानिक व्हायचं होतं. बेसबॉल तिथे होताच, पण पहाटे उठणं, परेड, अभ्यास हे सगळं सांभाळून. मजा म्हणजे तो तिथे मुख्यतः पिचर नव्हता. तो कॅचर होता, पिचिंग करायचा आणि बॅटिंगही. दोन वर्षांत २४ होमरन मारले.

मग कठीण प्रसंग आला. अकॅडमीत दोन वर्षं झाली की तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला करार पक्का होतो. पुढे पदवी मिळाली की किमान पाच वर्षं सैन्यसेवा. त्याआधी सोडलं तर मोकळे. म्हणजे २०२२ च्या उन्हाळ्यात वीस वर्षांच्या मुलाला ठरवायचं होतं की विमान की बेसबॉल. कोचनी सांगितलं, जा. तो गेला, पण ज्यांच्याबरोबर दोन वर्षं काढली त्या बॅचला सोडून जाणं त्याला जड गेलं, हे त्याने नंतर अनेकदा बोलून दाखवलंय. मेजर लीगमध्ये आल्यावरही प्रत्येक स्ट्राइकआउटमागे तो माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या संस्थेला पैसे देतो. मला हे पीआर वाटत नाही. सोडलेल्या गोष्टीचं देणं माणूस असंही फेडतो.

तो आला लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत, म्हणजे एलएसयूत. इथे कॉलेज बेसबॉल म्हणजे आपल्याकडच्या गावच्या जत्रेतल्या कुस्त्यांसारखं, अख्खं गाव लोटतं. पिचिंग कोच वेस जॉन्सन मेजर लीगमधल्या मिनेसोटा ट्विन्सची नोकरी सोडून कॉलेजात आलेले. स्कीन्सने कॅचिंग आणि बॅटिंग बंद केली. आठवड्यातून एकदा पिचिंग, बाकी दिवस तयारी. रिझल्ट? २०२३ च्या सीझनमध्ये २०९ स्ट्राइकआउट. त्या कॉन्फरन्समधला १९८९ पासूनचा २०२ चा रेकॉर्ड मोडला, आणि तो रेकॉर्डही एलएसयूच्याच बेन मॅकडोनाल्डचा होता.

जून २०२३, ओमाहा शहर, कॉलेज वर्ल्ड सिरीज. समोर वेक फॉरेस्ट, हरलं की घरी. स्कीन्सने आठ इनिंग टाकल्या, एकही रन दिला नाही, फक्त दोन हिट दिल्या. पण समोरचा पिचर रेट लाउडरही तसाच पेटलेला. स्कोअर शून्य-शून्य. स्कीन्सचे १२० बॉल झाले होते. शेवटी अकराव्या इनिंगला टॉमी व्हाइटने होमरन मारला आणि एलएसयू २-० ने जिंकलं. हा सामना यूट्यूबवर जरूर शोधा.

पण तो १२० चा आकडा लक्षात ठेवा. प्रोफेशनल लीगमध्ये एकवीस वर्षांच्या मुलाला इतके बॉल कुणी टाकू देत नाही. कॉलेज कोचला दोष देऊ नका, त्याच्यासाठी पुढचं वर्ष नसतंच. पोरगा जूनमध्ये जाणार हे सगळ्यांना माहीत असतं. चार दिवसांनी फ्लोरिडाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात मात्र त्याला बाहेर बसवलं, आणि एलएसयू १८-४ ने चॅम्पियन झालं. म्हणजे थोडा हिशोब तिथेही होता.

जुलैमध्ये ड्राफ्ट. पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला पहिल्या नंबरवर घेतलं, साइनिंग बोनस ९२ लाख डॉलर. त्या वेळच्या दराने साधारण ७५ कोटी रुपये, आणि तेव्हाचा रेकॉर्ड. दुसऱ्या नंबरवर त्याचाच टीममेट डिलन क्रूज. एकाच कॉलेजचे दोघे पहिले दोन, असं आधी कधी झालं नव्हतं.

पायरेट्स हे नाव आपल्याकडच्या काही जणांना ओळखीचं असेल. २००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या भारतातल्या टीव्ही स्पर्धेतून आलेल्या उत्तर प्रदेशच्या दोन भालाफेकपटूंना, रिंकू सिंग आणि दिनेश पटेलला, याच क्लबने करारबद्ध केलं होतं. तो केकेआरचा रिंकू नव्हे, हा पुढे डब्ल्यूडब्ल्यूईत वीर महान झाला. मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. रिंकूच्या कोपरानेच दगा दिला, टॉमी जॉन ऑपरेशन झालं.

पैसे दिल्यावर क्लबने काय केलं? जवळजवळ काहीच नाही! २०२३ च्या उरलेल्या सीझनमध्ये स्कीन्सने मायनर लीगमध्ये सात इनिंगसुद्धा टाकल्या नाहीत. २०२४ सुरू झालं तरी त्याला इंडियानापोलिसला ठेवलं आणि छोटे-छोटे स्पेल दिले. तिथे त्याने २७ इनिंगमध्ये ४५ स्ट्राइकआउट घेतले. फॅन्स वैतागले. क्लब म्हणाला, हात जपतोय.

खरं होतं, पण अर्धंच. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सर्व्हिस झाली की खेळाडू मोकळा होतो आणि बाजारभावाने पैसे घेतो. त्याआधीची पहिली तीनेक वर्षं जवळपास किमान पगारावर. पोराला पहिल्या वर्षी थोडं उशिरा वर आणलं की ते वर्ष पूर्ण धरलं जात नाही आणि क्लबला स्वस्तात एक जास्तीचं वर्ष मिळतं. म्हणजे हात जपणं आणि पैसे वाचवणं, दोन्ही एकाच निर्णयात बसतं. कुठलं कारण किती खरं, ते बाहेरून कळत नाही.

११ मे २०२४ ला शिकागो कब्जविरुद्ध पदार्पण. शंभर मैल किंवा त्याहून वेगाचे १७ बॉल. सहा दिवसांनी दुसऱ्या सामन्यात सहा इनिंग, ११ स्ट्राइकआउट आणि एकही हिट नाही. त्याच्याकडे एक विचित्र बॉलही आहे, स्प्लिंकर. सिंकर आणि स्प्लिटर यांच्या मधला, ताशी दीडशे किमीने येतो आणि शेवटच्या क्षणी खाली बुडतो. फक्त ११ सामन्यांच्या अनुभवावर तो ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीचा पिचर झाला. इतक्या कमी अनुभवावर हे कुणालाच जमलं नव्हतं.

त्याच्या पाच दिवस आधीची गोष्ट जास्त बोलकी. मिलवॉकीविरुद्ध सात इनिंगमध्ये एकही हिट दिली नव्हती, ९९ बॉल झाले होते. आणखी दोन इनिंग आणि नो-हिटर, म्हणजे इतिहास. मॅनेजरने त्याला काढलं. मैदानात राहू द्यायला हवं होतं का? मनातला फॅन म्हणतो हो. पण आपणही २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात बुमराहला पाचपैकी तीनच कसोटी खेळवल्या तेव्हा हेच भांडलो होतो.

स्कीन्सच्या आधी अशीच हवा होती स्टीफन स्ट्रासबर्गची. २००९ चा नंबर एक. २०१० च्या पदार्पणात १४ स्ट्राइकआउट, तेही पायरेट्सविरुद्धच, आणि त्याच ऑगस्टमध्ये लिगामेंट फाटलं. २०१२ मध्ये टीम प्लेऑफला निघालेली असताना त्याला जपायला म्हणून १५९ इनिंगनंतर घरी बसवलं. २०१९ ला तो वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाला, साडेचोवीस कोटी डॉलरचा करार मिळाला आणि त्यानंतर खेळला फक्त आठ सामने. एवढं जपूनही! स्कीन्सच्या शेजारच्या लॉकरचं उदाहरण घ्या. त्याच्याबरोबरच २०२४ मध्ये आलेला जॅरेड जोन्स, तसाच वेगवान. २०२५ मध्ये त्याच्या कोपराचं ऑपरेशन झालं.

स्कीन्सला २०२४ चा रूकी ऑफ द इयर मिळाला, आणि इथे क्लबचा हिशोब उलटला. २०२२ च्या खेळाडू-मालक करारात कलम आहे की रूकीच्या मतदानात पहिल्या दोघांत आलात तर पूर्ण वर्षाची सर्व्हिस मिळते. मे महिन्यापर्यंत थांबवूनही ते जास्तीचं वर्ष हातून गेलं. आता तो २०२९ च्या सीझननंतर मोकळा होईल. खेळून जिंकलेलं वर्ष आहे हे.

२०२५ मध्ये त्याने १८७ इनिंग टाकल्या, २१६ स्ट्राइकआउट, दर नऊ इनिंगला सरासरी दोनपेक्षा कमी रन, आणि साय यंग अवॉर्ड एकमताने. पण जिंकले-हरले? १०-१०. कारण टीम त्याच्यासाठी रनच करत नाही. मे महिन्यात फिलाडेल्फियात त्याने आठ इनिंग एकट्याने टाकल्या, एक रन दिला आणि सामना ०-१ ने हरला. पगार त्या वर्षी पावणेनऊ लाख डॉलर, स्ट्रासबर्गच्या कराराशी तुलना तुम्हीच करा.

बघायचं असेल तर पिट्सबर्गचे संध्याकाळचे सामने उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे चार-सव्वाचारला सुरू होतात. स्कीन्स साधारण दर पाच-सहा दिवसांनी येतो, त्यामुळे आधी शेड्यूल बघा आणि मगच अलार्म लावा. स्क्रीनवर स्कोअरच्या बाजूला एक बारीक आकडा दिसेल, त्याने टाकलेल्या बॉलचा. नव्वदच्या पुढे गेला की कॅमेरा डगआउटकडे वळतो.