मोजून घातलेला दोष

१८७० साली मुंबई व एडन यांच्यामध्ये समुद्रतळाशी तारायंत्राची तार पडली, आणि विलायतेशी चालणाऱ्या संदेशव्यवहारास परक्या राज्यांच्या मुलुखांतून जाणाऱ्या जमिनीवरील तारांवर सर्वस्वी विसंबून राहण्याचे कारण उरले नाही. अशा तारा समुद्रात सोडीत असताना त्या अखंड आहेत की नाहीत याची सतत तपासणी करावी लागे. त्या कामी विजेस भक्कम रोध करणारा पदार्थ हवा म्हणून विलोबी स्मिथ या इंग्रज तंत्रज्ञाने सिलेनियमच्या कांड्या योजिल्या, तो त्यांचा रोध अंधारात एक आणि उजेडात दुसराच भरू लागला. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या या निरीक्षणाने तपासनिसाची अडचण वाढविली खरी, परंतु प्रकाशाकरवी निरोप धाडणे आणि प्रकाशापासून वीज मिळविणे या दोन्ही विद्यांचे महत्त्वाचे आरंभीचे प्रयोग याच पदार्थाच्या आधारे उभे राहिले.

१८८० साली अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी वॉशिंग्टन येथे आवाजाने थरथरणाऱ्या आरशावरून परावर्तित केलेली सूर्यकिरणे २१३ मीटरांवरील सिलेनियमच्या ग्राहकावर पाडून बोलणे ऐकविले. आणि तीनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्स यांनी सिलेनियमवर सोन्याचा अतिपातळ मुलामा देऊन सौर घट बनविला. धुके व ढग आड येताच बेल यांचा निरोप खुंटे, आणि फ्रिट्स यांच्या घटात पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम शेकडा एक हिस्सा विजेच्या रूपाने हाती येई. कल्पना दोन्हीकडे सिद्ध होती. जो पदार्थ तिला साकार करील तो मात्र अद्याप कोणापाशी नव्हता.

प्रकाशास उघड्या हवेतून न नेता काचेच्या तंतूतून न्यावे, म्हणजे तो आतल्या आत पूर्ण परावर्तन पावत वाकड्या वाटेनेही जाईल, हे तत्त्व जुनेच होते. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली तंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेल्याचा वृत्तान्त लंडनहून प्रसिद्ध केला. शरीराच्या अंतर्भागात डोकावण्यापुरते ते अंतर ठीक होते. परंतु त्या काळच्या काचेत वीस मीटरांवर शंभरातला एकच हिस्सा प्रकाश शिल्लक राही, मग दूरध्वनीची गोष्ट कशाला? १९६६ साली इंग्लंडातील हार्लो येथे चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असे प्रतिपादन केले की, हा ऱ्हास काचेचा अंगभूत धर्म नसून तीत राहिलेल्या लोहादी धातूंच्या अंशांचा अपराध आहे, आणि ते अंश काढून टाकल्यास एक किलोमीटर अंती शेकडा एक हिस्सा प्रकाश खचित उरेल, जो व्यवहारास पुरेसा होईल.

ही अट १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीच्या रॉबर्ट मॉरर, डोनाल्ड केक आणि पीटर शुल्ट्झ यांनी पुरी केली. वाळूपासून निघणारे सिलिकॉन क्लोरीनशी संयोग पावले म्हणजे बाष्पनशील होते, आणि जड धातूंची मलिनता मागे टाकून त्याचे बाष्प वेगळे करता येते. त्या बाष्पापासून त्यांनी अतिशुद्ध काच घडविली. परंतु सर्वत्र एकसारख्या शुद्ध काचेत प्रकाश कोंडून राहत नाही. गाभ्याचा वक्रीभवनांक भोवतालच्या काचेहून किंचित अधिक असावा लागतो. म्हणून सोनाराने शुद्ध सोन्यात गुंजेच्या हिशेबाने तांबे मिसळावे, तसे त्यांनी गाभ्यात प्रथम टायटॅनियम आणि १९७२ साली जर्मेनियम मिसळले. पहिल्या तंतूत किलोमीटर अंती शेकडा दोन हिस्से प्रकाश उरला होता. दुसऱ्यात सुमारे चाळीस उरू लागला. आजच्या उत्तम तंतूत पंचाण्णव उरतो.

सौर घटाची कथा याच वळणाने गेली आहे. १९४० साली बेल प्रयोगशाळेतील रसेल ओल यांना सिलिकॉनची एक तडा गेलेली कांडी उजेडात धरताच अनपेक्षित विद्युद्दाब आढळला, आणि शोध करता असे उमगले की, ओतीव सिलिकॉन थिजताना त्यातील मलिनद्रव्ये आपोआप विभागली जाऊन कांडीच्या दोन भागांत दोन भिन्न स्वभाव उत्पन्न झाले होते. पुढे दूरध्वनीच्या यंत्रणेस उष्ण व दमट मुलुखांत कोरड्या बॅटऱ्या लवकर दगा देतात म्हणून दुसरी तजवीज करावी, हे काम डॅरिल चॅपिन यांच्याकडे आले. सिलेनियमने त्यांना निराश केले. तेव्हा जेराल्ड पिअर्सन यांनी त्यांना सिलिकॉनकडे वळविले आणि रसायनज्ञ कॅल्विन फुलर यांनी सिलिकॉनच्या पृष्ठभागी बोरॉनचा अत्यल्प अंश मुरविला. ओल यांना जो दोष अपघाताने सापडला होता, तो येथे हेतुपुरस्सर आणि मोजून घातला गेला. एप्रिल १९५४ मध्ये जाहीर झालेला हा घट शेकडा सहा हिस्से प्रकाशाची वीज करी. पुढल्याच वर्षी जॉर्जिया संस्थानातील अमेरिकस गावी ग्रामीण दूरध्वनीवर त्याची परीक्षा झाली, आणि १९५८ साली व्हॅनगार्ड उपग्रहाबरोबर तो अंतराळात गेला.

आपल्या देशात स्थानिक दूरध्वनी केंद्रे जोडण्यासाठी प्रकाशतंतूची पहिली योजना १९७९ साली पुण्यात कार्यान्वित झाली. म्हणजे कॉर्निंगच्या यशानंतर अवघ्या नऊ वर्षांत. याउलट बेल यांच्या प्रयोगापासून त्या यशापर्यंत नव्वद वर्षे, आणि फ्रिट्स यांच्या घटापासून सिलिकॉनच्या घटापर्यंत एकाहत्तर वर्षे लोटली. हा दीर्घ विलंब बुद्धीच्या दारिद्र्याने झाला नाही. पदार्थातला प्रत्येक नको तो कण काढून टाकणे, आणि मग हवा तोच कण हव्या त्या जागी तोलून परत बसविणे, हे कसब साधेपर्यंत उत्तम तर्कालाही तिष्ठत राहावे लागले. २००९ साली काओ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते सर्वथा उचितच होते. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत कॉर्निंगच्या तिघांची नावे मात्र नव्हती. दिशा दाखविणाऱ्याचा सन्मान करणारा आपला इतिहास भट्टीपाशी बसून पदार्थ सिद्ध करणाऱ्यास अजून कारागिराच्याच पंक्तीत वाढतो, आणि शोधांच्या या दोन्ही हकिकती वाचल्यावर ती पंक्ती बदलण्याची वेळ आली आहे असे म्हणणे प्राप्त होते.