गोल्फमधला कच्चा लिंबू

आमच्या असोद्यात (हो हो, तेच! भरताच्या वांग्यांचं आणि बहिणाबाईंच्या माहेरचं) लहानपणी गल्लीत क्रिकेट रंगलं की एखादं बारकं पोर ‘मलाबी खेळू द्या’ म्हणत रडत यायचं. मग ठरायचं, “घ्या रे त्याला, पण तो कच्चा लिंबू!” म्हणजे पहिल्या बॉलला आउट झाला तरी आउट नाही. गोल्फमध्ये यालाच हँडिकॅप म्हणतात. फरक एवढाच, की तिथे लिंबू किती कच्चा हे आकड्यात मोजतात!

आता म्हणाल, असोद्याचा आणि गोल्फचा संबंध काय? काहीच नाही. आमच्याकडे केळीच्या बागा. गोल्फची मैदानं पुण्यात येरवड्याला, मुंबईत चेंबूरला. नाशिकला ‘गोल्फ क्लब’ नावाचं मैदान आहे, पण तिथे रणजीचे सामने झाले! तरी या खेळातलं एक गणित हॉस्टेलवाल्यांनी समजून घ्यावं असं आहे.

गोल्फमध्ये १८ होल असतात. चांगल्या खेळाडूने किती फटक्यांत बॉल होलमध्ये घालावा, तो आकडा म्हणजे ‘पार’; साधारण ३, ४ किंवा ५. समजा माझा हँडिकॅप १५ आणि तुमचा ६. एकास एक मॅच खेळायची तर मला ९ फटक्यांची सूट. पण ती कुठल्या ९ होलवर? यासाठी स्कोअरकार्डवर प्रत्येक होलला १ ते १८ असा नंबर दिलेला असतो. तो ‘स्ट्रोक इंडेक्स’. मला १ ते ९ नंबरच्या होलवर एकेक फटका माफ. तिथे तुम्ही ५ घेतले आणि मी ६, तर होल बरोबरीत!

मग नंबर १ कोणत्या होलला द्यायचा? सोपं आहे, सर्वात अवघड होलला! थांबा, इथेच खरी गंमत आहे.

समजा ‘अ’ हा लांबलचक पार-५ होल आहे. चांगल्या खेळाडूंची सरासरी ४.९, कच्च्यांची ६.३. ‘ब’ हा तळ्यापलीकडचा पार-३. तिथे चांगल्यांची सरासरी ३.८, कच्च्यांची ४.५. पारशी तुलना केली तर ‘ब’ दोघांनाही जास्त छळतो. पण दोघांमधला फरक बघा: ‘ब’वर ०.७, ‘अ’वर तब्बल १.४! तळ्यात दोघांचाही बॉल बुडतो, पण लांब पल्ल्यावर कच्चा गडी एकटाच मागे पडतो. मग सूट कुठे हवी?

अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीत हा फरक बघून नंबर देत. २०२० साली जगभरासाठी एकच हँडिकॅप पद्धत आली. तिच्या शिफारशीत पारच्या तुलनेत होल किती अवघड, हे बघितलं जातं. शिवाय नंबर मैदानभर पसरवायचे: साधारणपणे पहिल्या ९ होलना विषम, नंतरच्या ९ ना सम. कारण सगळी सूट शेवटी ठेवली आणि मॅच पंधराव्या होललाच संपली, तर हक्काचे फटके वापरायचे कधी?

म्हणजे ‘अवघड’ या एका शब्दाचे दोन अर्थ झाले: सगळ्यांना अवघड, आणि कच्च्यालाच अवघड.

आता हॉस्टेलवर या. सीनियर मंडळी रात्री कशाचे क्लास घेतात? एम-थ्रीचे, कारण तिथे सगळेच आपटतात. घ्यावेतच. पण व्हायवाचं काय? इंग्लिश मीडियमच्या पोराला ती हातचा मळ. मी दहावीपर्यंत मराठीत शिकलेला. पहिल्या व्हायवात एक्स्टर्नलनी बीमबद्दल विचारलं. उत्तर येत होतं, वाक्य येत नव्हतं. नुसता उभा राहिलो. सरांना वाटलं, पोरगा वाचूनच आलेला नाही. वर्गाची सरासरी काढली तर व्हायवा हा सोपाच ‘होल’ दिसतो, म्हणून तिथे कुणी सूट देत नाही. फरक काढून बघा, मग कळेल!

आणि मला मार्कांची सूट नकोच आहे, सराव हवाय. म्हणून यंदा आम्ही चौघांनी रोज रात्री मेसनंतर अर्धा तास एकमेकांची व्हायवा घ्यायला सुरुवात केलीय. चुकलं की हसायचं नाही, एवढा एकच नियम. ज्यांना व्हायवा हातचा मळ आहे, त्यांनी प्रश्न विचारायला यावं. बाकी कच्चे लिंबू, तुम्ही तर याच!