कचऱ्यावर उभे राहिलेले रान

धारावी बस आगारासमोर, शीव–वांद्रे जोडरस्त्याला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. क्षेत्र सुमारे ३७ एकर. एका बाजूला मिठी नदी, दुसरीकडे धारावीची वस्ती. रोज या रस्त्याने जाणाऱ्या मुंबईकरांपैकी अनेकांना भिंतीपलीकडच्या झाडीचा पत्ताही नसतो.

हे रान मुळात जंगलाचा उरलेला तुकडा नव्हे. ते मुद्दाम लावलेले आहे. पूर्वी येथे शहराचा कचरा टाकला जाई. अशा जागी झाड लावणे सोपे नसते. कचरा कुजताना जमीन खचते, मिथेनसारखे वायू सुटतात आणि मुळांना हवा मिळत नाही. त्यामुळे आधी माती पसरून थर तयार करावा लागतो. पक्षीतज्ज्ञ डॉ. सालिम अली यांच्या हस्ते १९८३ मध्ये येथे पहिले झाड लावले गेले. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने घडवलेले हे उद्यान २२ एप्रिल १९९४ रोजी, वसुंधरा दिनी, लोकांसाठी खुले झाले.

आत रोषणाई नाही, कापलेली हिरवळ नाही. पायवाटांवर पाचोळा तसाच पडू दिलेला दिसतो. तो कुजून पुन्हा माती होतो, म्हणून तो झाडून नेणे हा शुद्ध तोटाच. फुलपाखरांचे गणित तर झाडांवरच ठरते. रुईच्या पानांवर प्लेन टायगर या फुलपाखराच्या अळ्या वाढतात. पानांतले विषारी द्रव्य त्यांच्या अंगात साठते आणि फुलपाखरू झाल्यावरही टिकते. म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. लिंबाच्या कुळातल्या झाडांवर नीलवंत अंडी घालते. २०१५ मध्ये तेच राज्य फुलपाखरू ठरले. नुसती फुलझाडे लावून फुलपाखरे टिकत नाहीत, अळीला खायला पान लागते.

नदीच्या काठी तिवरे आहेत. भरतीच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून तिवरांची श्वसनमुळे पेन्सिलीसारखी चिखलाबाहेर सरळ उभी राहतात. शोषलेले जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकले जाते. ओहोटीला चिखल उघडा पडला की बगळे आणि खंड्या तेथे भक्ष्य शोधतात. मिठीचे पाणी मात्र सांडपाण्याने काळे आहे आणि भरतीबरोबर येणारे प्लॅस्टिक मुळांना अडकते.

पावसाचे पाणी साठवण्यासाठी आत तळे आहे. कोरड्या महिन्यांत झाडांना त्याचा आधार होतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत फुलपाखरे जास्त दिसतात, हिवाळ्यात पक्षी. दोन्हींसाठी सकाळची वेळ बरी.