आठव्या महिन्यात एक भाकर कमी का?

सुलतानपूरच्या विहारात वर्षावासातलं ग्रंथवाचन संपलं की आया-बहिणी घटकाभर बोलत बसतात. आम्ही गेलो त्या दिवशी त्यांच्यात आठवा महिना चालू असलेली एक सून होती. जेवणाचा विषय निघाला तशी ती हळूच म्हणाली, "आता एकच भाकर खातो जी. लेकरू मोठं झालं त बायतपन जड जाते."

हा सल्ला सासूबाईंचा होता आणि त्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, भीती होती. अडलेली बाई बैलगाडीतून मेहकरला नेण्याचे दिवस त्यांनी पाहिलेले. पण भीती खरी असली तरी उपाय उलटा आहे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळ साधारण एक किलोचं असतं. दिवस भरेपर्यंत ते पावणेतीन-तीन किलोंवर जातं. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश वजन या शेवटच्या तीन महिन्यांतच चढतं. जन्मानंतर चार-सहा महिने पुरेल एवढं लोह बाळ याच काळात आईच्या रक्तातून साठवतं. रोगाशी लढणारी आईची शक्तीही याच दिवसांत त्याच्याकडे जाते. मेंदूचं तर विचारूच नका: चौतिसाव्या आठवड्यात तो पूर्ण दिवसांच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांशच भरलेला असतो. "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही" असं म्हणतात, तेही चूक. फुप्फुसं छत्तीसाव्या आठवड्याच्या आसपास पक्व होतात. जितके दिवस पोटात, तितकं बळ जास्त.

आईने जेवण तोडलं तर बाळाचं मांस झडतं, डोकं त्या मानाने कमी होत नाही. बाळंतपणात वाट काढायची असते ती डोक्याला. मग सुटका कशी सोपी होणार? उलट आईचं रक्त कमी असेल तर थोड्या रक्तस्रावानेही तिचा जीव धोक्यात येतो. अडीच किलोंच्या आतलं बाळ तर पहिल्या दिवसापासूनच नाजूक.

आपल्याच महाराष्ट्रात याचा अभ्यास झाला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांची नोंद ठेवली. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोंच्या जवळपास भरलं. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास पालेभाजी वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. आणि शेतात, पाण्यासाठी, धुण्यासाठी जास्त राबणाऱ्या बायांची बाळं लहान होती.

राबण्याचा हा प्रश्न जुना आहे. 28 जुलै 1928 रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं देशाच्याच हिताचं आहे, असं बाबासाहेबांनी मांडलं. 1929 मध्ये कायदा झाला, तो कारखान्यातल्या बायांसाठी. 2017 च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला 26 आठवडे पगारी रजा मिळते, त्यातले आठ बाळंतपणाआधी घेता येतात. सोयाबीन सोंगणाऱ्या मजूर बाईला यातलं काही नाही. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे थोडे पैसे आहेत, ते आशाताईंना विचारून घ्यावेतच. पण पाण्याचा हंडा नवऱ्याने उचलायला कुठला शासन निर्णय लागतो?

एका बैठकीत जेवण जात नाही हे मात्र खरं. गर्भाशयाने जठर वर दाबलेलं असतं. म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं खावं: भाकर, वरण, पालेभाजी, अंडं, मूठभर शेंगदाणे. लोहाच्या गोळीने बाळ काळं होत नाही. ती चहाबरोबर घेऊ नये, कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी घ्यावी. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी असते, ती चुकवू नये. झोपताना कुशीवर झोपावं.

आणखी एक. "शेवटी लेकरू झोपते, हलत नाही" हे मनातून काढा. नेहमीची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, डोकं फार दुखून अंधारी आली, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. उठताना त्यांनी विचारलं, "तांदुळज्याची भाजी चालते काय जी? परसात मायंदळ आहे."

चालते. रोज चालते.