ई-टाइप घ्यावी, पण कोणत्या सालची?

मोटार जुनी झाली की तिची किंमत उतरते, हा व्यवहाराचा सर्वसाधारण नियम होय. परंतु काही थोड्या मोटारी अशा असतात की, त्यांच्या बाबतीत हा नियम कालांतराने उलटा फिरतो, आणि मग एकाच कारखान्यातून एकाच नावाने निघालेल्या दोन गाड्यांच्या किमतींत एवढी तफावत का असावी, या विचाराने नवखा खरेदीदार गोंधळून जातो. इंग्लंडातील कॉव्हेंट्रीच्या जॅग्वार कंपनीने मार्च १९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात मांडलेली ई-टाइप ही अशा मोटारींपैकी अग्रगण्य म्हणावी लागेल. विमानाच्या कारखान्यात काम केलेल्या माल्कम सेयर यांनी गणिताच्या आधाराने तिच्या अंगाची वळणे आखली. ताशी दीडशे मैलांच्या वेगाचा दावा करणारी ही गाडी त्या वेळी दोन हजार पौंडांहून थोड्याच अधिक किमतीला मिळत असल्यामुळे मागणी इतकी उसळली की, कंपनीचे चाचणीचालक नॉर्मन ड्यूइस यांना दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रातोरात चालवत जिनीव्हाला न्यावी लागली. १९७४ पर्यंत अशा बहात्तर हजारांवर गाड्या तयार झाल्या. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९६ मध्ये त्यांतील एक आपल्या संग्रहात दाखल करून घेतली.

या तेरा-चौदा वर्षांत गाडीचे नाव कायम राहिले तरी गाडी कायम राहिली नाही. तिच्यात जे फेरफार झाले त्यांचे कर्ते दोन : एक कारखान्यातील अभियंता आणि दुसरा अटलांटिकपलीकडचा कायदेकर्ता. कोणत्या सालात यांपैकी कोणाचा हात अधिक चालला, हे ज्याला उमगले त्याला सालांची निवड अवघड वाटत नाही.

आरंभीच्या गाड्यांना ३.८ लिटरचे, सहा सिलिंडरांचे, २६५ अश्वशक्तीचे इंजिन असे. याच घराण्याचे इंजिन पहिल्याने १९४८ च्या एक्सके १२० मध्ये आले होते आणि पुढे ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत त्याने जॅग्वारला पाच वेळा विजय मिळवून दिला होता. त्यामुळे त्याच्या गुणाविषयी शंका नव्हती. उणिवा होत्या त्या भोवतालच्या यंत्रणेत. गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसल्याने तो घालताना हात सावध ठेवावा लागे, ब्रेकवर पायाचा जोर बराच पडे, आणि सीट दिसायला देखणी पण लांबच्या प्रवासाला अपुरी होती. अगदी पहिल्या महिन्यांतील गाड्यांत तर पायाखालचा पत्रा सपाट असल्यामुळे उंच माणसाला पाय ठेवण्याची पंचाईत होई, आणि बॉनेट उघडण्यासाठी बाहेरच्या बाजूने किल्ली लावावी लागे. संग्राहकांच्या जगातील गंमत अशी की, कारखान्याने लवकरच दुरुस्त केलेल्या याच गैरसोयी आज अव्वलपणाची सनद ठरल्या असून, पहिल्या मालिकेत त्या गाड्यांना विशेष भाव येतो.

ऑक्टोबर १९६४ मध्ये ४.२ लिटरचे इंजिन आले. कागदोपत्री अश्वशक्ती तेवढीच राहिली. पण इंजिनाचा ओढ देण्याचा जोर वाढला, सर्व पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश मिळाला, ब्रेकची मदतयंत्रणा सुधारली, डायनॅमोच्या जागी अल्टर्नेटर आला आणि सीटही बसण्याजोगी झाली. जुन्या इंजिनाची चढत्या वेगातील चपळाई ज्यांना भावते ते आजही ३.८ चा पक्ष सोडत नाहीत. तथापि गाडी स्वतः चालवू इच्छिणाऱ्या माणसाने १९६५-६६ च्या ४.२ ला प्रथम पसंती द्यावी, असे माझे मत आहे. कारण अभियंत्याचा अनुभव तोपर्यंत परिपक्व झाला होता आणि कायद्याचा अंमल अद्याप सुरू व्हायचा होता. १९६६ मध्ये मागे दोन लहान आसने असलेली, पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर नऊ इंचांनी वाढवलेली आवृत्ती निघाली. छप्पर उंचावल्यामुळे तिचे लावण्य काहीसे उणावले, पण भाव कमी असल्याने कुटुंबवत्सल खरेदीदाराने तिचा विचार अवश्य करावा.

ई-टाइपचा सर्वांत मोठा बाजार अमेरिका असल्यामुळे, तेथील संघराज्य सरकारची मोटार-सुरक्षेची मानके १ जानेवारी १९६८ पासून अमलात येणार म्हणताच कॉव्हेंट्रीला हालचाल करणे प्राप्त झाले. दिव्यांवरील काचेची आवरणे गेली, डॅशबोर्डवरील टोकदार खटक्यांच्या जागी सपाट बटणे आली, आणि अमेरिकेस जाणाऱ्या गाड्यांतील तीन कार्ब्युरेटरांऐवजी धुराच्या नियमांना मानवतील असे दोन बसवण्यात आले; त्यामुळे इंजिनाची शक्ती घटली. १९६८ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या मालिकेत पुढचे तोंड रुंद झाले आणि मागचे दिवे मोठे होऊन बंपरखाली उतरले. सौंदर्याचे नुकसान झाले खरे. पण त्याच तोंडातून हवा अधिक शिरू लागल्याने इंजिन थंड राहू लागले आणि ब्रेकही सुधारले, हा जमेचा भाग हिशेबात धरला पाहिजे. १९७१ ची तिसरी मालिका बारा सिलिंडरांचे ५.३ लिटरचे इंजिन घेऊन आली. लांबवलेल्या चौकटीवर बांधलेली ही शांत, मृदू, सुखासीन गाडी मूळच्या चपळ क्रीडावाहनापासून बरीच दूर गेली होती, आणि १९७३ च्या तेलसंकटात तिच्या इंधनाच्या भुकेकडे लोकांचे लक्ष जाणे अपरिहार्य होते.

येथे एक सावधगिरीचा इशारा देणे अगत्याचे आहे. कारखान्यातील फेरफार जानेवारीच्या पहिल्या तारखेची वाट पाहत नसत आणि नोंदणीच्या दाखल्यावर पुष्कळदा निर्मितीचे नव्हे तर विक्रीचे साल लिहिले जाई. त्यामुळे १९६४ ची म्हणून पुढे आलेली गाडी ३.८ ची असेल किंवा ४.२ ची, १९६७ ची म्हणून आलेली गाडी झाकल्या दिव्यांची असेल, उघड्या दिव्यांची पण तीन कार्ब्युरेटरांची असेल, किंवा सर्वस्वी नव्या नियमांची असेल, आणि १९७५ सालची नोंद मिरवणारी गाडी तर १९७४ मध्येच बांधलेली असावयाची. यास्तव दाखल्यावर विसंबून बयाणा देऊ नये. चॅसी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स यांवरील क्रमांक उतरून घ्यावेत आणि जॅग्वार-डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून दाखला मागवावा. निर्मितीची तारीख, मूळ रंग, मूळ क्रमांक आणि गाडी कोणत्या विक्रेत्याकडे रवाना झाली याचा तपशील तेथे मिळतो. कंपनीची मालकी २००८ मध्ये मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली असली, तरी ही जुनी दप्तरे इंग्लंडातच आहेत.

क्रमांकांची खातरजमा झाली तरी पत्र्याची तपासणी उरतेच. या गाडीचा मधला भाग पत्र्याचे एकसंध कवच असून, पुढे इंजिन पेलणारी नळ्यांची चौकट त्यास जोडलेली आहे. कवचाची ताकद दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत आणि तळाच्या पत्र्यात साठलेली असते, आणि गंजाचा शिरकावही प्रथम तेथेच होतो. जुना वाडा घेणाऱ्याने रंगसफेदीला न भुलता तुळया ठोकून पाहाव्यात, तसे येथेही चकचकीत रंगाखाली हात घातला पाहिजे. मागचे ब्रेक चाकांपाशी नसून आत, डिफरेन्शियलला लागून आहेत. त्यांच्या मोठ्या कामासाठी बहुधा मागची सबंध चौकट उतरवावी लागते, म्हणून ते काम केव्हा झाले याच्या पावत्या विक्रेत्याकडे मागाव्यात.

तात्पर्य, गाडी संग्रहासाठी हवी की प्रवासासाठी, हे खरेदीदाराने आधी ठरवावे. संग्राहकाने १९६१-६२ च्या मागे लागावे, चालवणाऱ्याने १९६५-६६ च्या. बेताच्या थैलीच्या माणसाने दुसऱ्या मालिकेला कमी लेखू नये आणि आरामप्रिय माणसाने बारा सिलिंडरांची लाज बाळगू नये. मात्र गंजलेली १९६५ ची आणि निकोप १९७० ची अशा दोन गाड्या समोर उभ्या राहिल्या, तर निःशंकपणे दुसरी घ्यावी. कारण काचेची आवरणे आणि तिसरा कार्ब्युरेटर मागाहून बसवता येतात, पण कुजलेले कवच नव्याने उभारण्याचा खर्च कित्येकदा दोन्ही गाड्यांच्या किमतींतील सगळा फरक गिळून टाकतो.