बाजी गेल्यावर सोबत कोणाची?

जानेवारी सरत आला की आमच्या शाळेत दहावीच्या निरोपाची तयारी सुरू होते. नववीच्या मुली वर्गणी काढतात, फळ्यावर रंगीत खडूने उर्दू आणि मराठीत शुभेच्छा लिहितात. कार्यक्रमाची सुरुवात तिलावत, हम्द आणि नातने होते. मग दहावीतल्या दोघी-तिघी बोलायला उभ्या राहतात, मोठे सर परीक्षेच्या चार सूचना देतात, समोसे आणि केळी वाटली जातात. जळगावात केळ्यांशिवाय कोणता कार्यक्रम होतो! शेवटी दहावीचा वर्ग शाळेला भिंतीवरचे घड्याळ किंवा पंखा भेट देतो, दुआ होते आणि रडारड सुरू होते.

इतक्या वर्षांत एक गोष्ट आम्ही पाहत आलो आहोत. जाणाऱ्या मुली थोड्या वेळाने डोळे पुसतात आणि एकमेकींच्या वहीत सह्या करू लागतात. त्यांच्यापुढे परीक्षा असते, सुटी असते, नवे काहीतरी असते. खऱ्या रडतात त्या मागे राहणाऱ्या. त्यातही सातवी-आठवीतल्या, ज्यांना या कार्यक्रमाला बोलावलेलेही नसते. दाराबाहेर उभ्या राहून त्या आपल्या बाजीला शोधत असतात. पूर्वी आम्ही त्यांना वर्गात पिटाळायचो. त्या रडण्यात किती अर्थ आहे, हे आम्हाला धुळ्यात कळले.

बरीच वर्षे झाली. तेव्हा आम्ही धुळ्याला शिकवत होतो. आठवीतली एक मुलगी पांझरेच्या पलीकडून, पूल ओलांडून, रोज पायी शाळेत यायची. तिच्याबरोबर गल्लीतलीच एक दहावीची मुलगी असायची. दोघींचे डबे एकत्र, छत्री एक. मार्चमध्ये मोठी परीक्षा देऊन गेली. जूनमध्ये शाळा उघडली आणि धाकटी नववीच्या वर्गात आलीच नाही. आठ दिवस वाट पाहून आम्ही तिच्या घरी गेलो. वडिलांनी आदराने बसवले, चहा मागवला आणि म्हणाले, “टीचर, मुलगी हुशार आहे हे मला माहीत आहे. ती मोठी होती तोवर मला काळजी नव्हती. आता एवढ्या रस्त्याने एकटी कशी पाठवू? तुम्हीच सांगा.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही तालीमचे महत्त्व सांगितले, पण ते त्यांना ठाऊक होतेच. त्यांनी विचारले होते सोबतीचे आणि आम्ही बोलत होतो शिक्षणावर. आणखी दोनदा गेलो. दिवाळीनंतर जाणे सोडले. त्याच वेळी त्याच बाजूने येणाऱ्या दुसऱ्या वर्गातल्या तीन मुली आमच्या शाळेत होत्या, हे आम्हाला पुढच्या वर्षी कळले. हजेरीपट रोज आमच्या हातात असायचा, पण कोण कोणाबरोबर येते हे त्यात लिहिलेले नसते. ती मुलगी शाळेत परत आली नाही. ही चूक आमची होती, आणि ती आम्ही विसरलेलो नाही.

शिक्षण हक्काचा कायदा 6 ते 14 वर्षांच्या मुलांसाठी, म्हणजे साधारण आठवीपर्यंत आहे. नववीपासून मुलीला शाळेत टिकवून धरतात ते घर, शिक्षक आणि मैत्रीण. मोठी मैत्रीण काय काय करत असते, हे आपण मोजत नाही. ती रस्त्याची सोबत असते. जुनी पुस्तके आणि गणिताच्या सोडवलेल्या वह्या तिच्याकडून मिळतात. कोणत्या टीचरना प्रश्न विचारला तर त्या रागावत नाहीत, हे तीच सांगते. शाळेत अचानक पाळी आली तर कोणाकडे जायचे, हेही पहिल्यांदा तीच सांगते. आणि धाकटीच्या अम्मीचा शाळेपेक्षा जास्त भरवसा त्या शेजारच्या मुलीवर असतो. ती निरोप घेते तेव्हा हे सगळे एका दिवसात उठून जाते.

जळगावला आल्यावर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. निरोपाच्या कार्यक्रमाआधी दहावीच्या प्रत्येक मुलीला एका कागदावर लिहायला सांगतो: तू कोणत्या रस्त्याने येतेस, तुझ्याबरोबर खालच्या वर्गातले कोण येते, आणि तू गेल्यावर ती कोणाबरोबर येईल? पहिल्या वर्षी तिसऱ्या प्रश्नापुढे बऱ्याच जणींनी काहीच लिहिले नाही. काही जणी तो कागद हातात घेऊन तशाच बसल्या. त्यांनाही हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मग त्यांनीच मार्ग काढला. दहावीची मुलगी धाकटीला घेऊन त्याच वाटेवरच्या नववीच्या मुलीच्या घरी जाते. दोघींच्या अम्मींची ओळख करून देते. पुस्तके तेव्हाच दिली जातात. हंगाम मेहरूणच्या बोरांचा असतो, त्यामुळे एखाद्या घरी बोरांची वाटी पुढे येते आणि ओळख पक्की होते. परीक्षेआधीचे काही दिवस तिघी एकत्र येतात, म्हणजे जूनमध्ये धाकटीला नवी सोबत परकी वाटत नाही.

सगळीकडे हे जमले असे नाही. एका घरी अम्मीने स्पष्ट सांगितले, “आम्ही त्या लोकांना ओळखत नाही.” तिथे आम्हाला स्वतः जावे लागले, तरी दोन महिने गेले. एका वाटेवर नववीची कोणीच नव्हती, तेव्हा धाकटीच्या मामूंनी सायकलवरून सोडायचे कबूल केले. पण कोणाला तरी विचारले गेले, हे महत्त्वाचे.

जपानमध्येही शाळेचे वर्ष मार्चमध्येच संपते. तिथल्या पदवीदान समारंभात खालच्या वर्गातला एक विद्यार्थी जाणाऱ्यांना उद्देशून बोलतो आणि जाणाऱ्यांपैकी एक जण त्याला उत्तर देतो. ही तिथली ठरलेली रीत आहे. आम्हाला ती आवडली. आमच्याकडे भाषणे बहुधा जाणाऱ्यांची आणि शिक्षकांची होतात. आता आम्ही आठवीतल्या एका मुलीलाही बोलायला उभे करतो. दोन वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी उभी राहिली आणि एवढेच म्हणाली, “बाजी, तुम्ही जा, पण कॉलेज कसे आहे ते सांगायला या.” पुढे तिला बोलता आले नाही.

ते वाक्य आम्ही मनावर घेतले. कारण सोबतीचा प्रश्न दहावीला संपत नाही. जाणाऱ्या मुलीलाही पुढे कोणी लागतेच. एका गल्लीतली एक मुलगी अकरावीला गेली की पुढच्या वर्षी दोघी जातात, हे आम्ही पाहिले आहे. म्हणून जूनमध्ये आम्ही आदल्या वर्षीच्या मुलींना एक दिवस शाळेत बोलावतो. त्या आपल्या शब्दांत सांगतात: 2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, अर्ज कसा भरायचा, पसंतीक्रम कसा लावायचा. उर्दूतून शिकलेल्या मुलीला अकरावी सायन्सचे इंग्रजी पहिले काही महिने जड जाते, मग जमते, हेही त्याच सांगतात. आमच्या तोंडून हेच ऐकले तर ती सूचना वाटते, बाजीच्या तोंडून ऐकले तर धीर येतो.

घरच्यांनीही काही गोष्टी माहीत करून घ्याव्यात. ग्रामीण भागातून येणाऱ्या मुलींना पाचवी ते बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास मिळतो. एरंडोल-पारोळ्याकडच्या खेड्यांतल्या मुलींना त्याचा मोठा आधार आहे. ज्या घराचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, तिथल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात आणि परीक्षा शुल्कात 2024-25 पासून शासनाने पूर्ण सवलत दिली आहे. आणि जिची शाळा मध्येच सुटली, तिला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीची परीक्षा देता येते. धुळ्याच्या त्या घरी हे शेवटचे तरी आम्ही सांगायला हवे होते.

मुलांची गोष्ट वेगळी वाटते, पण तशीच आहे. मोठा मित्र दहावीनंतर गॅरेजवर गेला तर धाकट्याचे मनही वहीतून उठते. मोठा आयटीआयला गेला तर धाकटा विचारतो, “सर, त्याला किती मार्क लागतात?” मुले आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलाकडे पाहून चालतात.

आपल्या खान्देशच्या विद्यापीठाला आज बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. जळगावजवळच्या आसोद्याच्या त्या लेकीने शाळा पाहिली नव्हती. तिच्या ओव्या इतरांनी लिहून ठेवल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या. आपल्या मुलींना स्वतः लिहिता येते. ते पुढे चालू राहावे, एवढेच मागणे आहे.

गेली काही वर्षे दहावीची परीक्षा आणि रमजान जवळजवळ येतात. सहरीला उठलेल्या मुली तशाच अभ्यासाला बसतात. त्यांच्यासाठी आपण दुआ करूच. पण या वर्षी तुमच्या गल्लीतली एखादी मोठी मुलगी शाळेचा निरोप घेत असेल, तर तिला एक प्रश्न जरूर विचारा: “बेटी, तुझ्याबरोबर जाणारी ती लहान मुलगी आता कोणाबरोबर जाणार?” उत्तर मिळाले नाही, तर जून उजाडण्याआधी तुम्हीच ते शोधा.